बाई खोटं बोलतेय

मयूर विहारच्या त्या फ्लॅटवर मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा दार उघडण्याआधीच आतून माझी रीतसर चौकशी झाली. कोण, कुठले, कुणी पाठवलं, ज्यानं पाठवलं तो बरोबर का नाही आला. मी जिन्यात उभा राहून सगळी उत्तरं दिली. मग साखळी न काढता दार चार बोटं उघडलं आणि जाड भिंगाच्या चष्म्यातून एका डोळ्यानं माझी पाहणी झाली.

"हिंगोलीचे म्हणता. मग बोलण्यात तिकडचा हेल कसा नाही?"

"दिल्लीत येऊन बरीच वर्षं झाली, काका."

"काका म्हणू नका. काका म्हणणारा माणूस काहीतरी मागायला आलेला असतो."

मी मागायलाच आलो होतो, त्यामुळे गप्प बसलो. ते गप्प बसणं त्यांना बहुधा पसंत पडलं असावं, कारण साखळी निघाली. पुढे वर्षभराहून जास्त काळ मी त्या घरी जात राहिलो. समोर नुसतं 'अहो' म्हणायचो आणि पाठीमागे काका म्हणायचो. 'सर' म्हणून पाहिलं होतं, पण त्यावर ते म्हणाले की ऑफिसात सर म्हणणाऱ्या प्रत्येकानं त्यांच्याविरुद्ध अर्ज केले होते.

माझी अडचण अशी होती. स्पर्धा परीक्षांपायी मी दिल्लीत आलो, राजिंदर नगरच्या खुराड्यात राहिलो, इंग्रजी वर्तमानपत्रांचे अग्रलेख खालून रेघा मारून वाचले, राज्यघटनेची कलमं इंग्रजीतून घोकली. प्रयत्न संपले आणि हाती काही लागलं नाही. गावी जायला तोंड नव्हतं. नोएडात परदेशी गिऱ्हाइकांची कामं बघणाऱ्या कंपन्यांत नोकऱ्या होत्या, पण तिथे आधी कानाला हेडफोन लावून परीक्षा घेत. दोन माणसं चहापाण्याचं, बसच्या वेळेचं, हरवलेल्या छत्रीचं बोलायची आणि मग प्रश्न यायचा, छत्री कुठे हरवली? मला छत्री हरवलीय हेच कळलेलं नसायचं. छत्रीवर इंग्रजीत निबंध लिही म्हणाले असते तर मी दोन पानं सहज लिहिली असती.

अशात मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक सूचना आली. 'इंग्रजी ऐकण्याचा सराव. साधी, रोजची संभाषणं. फी नाही. चौकशी करू नये.' दिल्लीत काही फुकट मिळतंय म्हटल्यावर माझ्या मनात शंकेची पाल तिथेच चुकचुकली होती. पण गरज माझी होती.

काका केंद्र सरकारच्या नोकरीत होते, आणि जवळजवळ सगळी नोकरी त्यांनी दक्षता विभागात काढली. म्हणजे कुणाची तक्रार आली की ती ऐकायची, ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याचंही ऐकायचं, आणि दोघांत जास्त खोटं कोण बोलतंय ते फायलीवर लिहायचं. माणूस निवृत्त झाला, कान झाले नाहीत. भाजीवाला 'एकदम ताज़ी है बाबूजी' म्हणाला की ते विचारत, "ताज़ी बोलने से पहले तू रुका क्यों?" सोसायटीच्या सेक्रेटरीनं 'कल तक पानी आ जाएगा' असं सांगितलं की घरी येऊन दोन दिवसांचं पाणी भरून ठेवत. आणि दोन दिवस पाणी येत नसे. त्यांचा संशय खरा निघतो हाच शेजाऱ्यापाजाऱ्यांचा खरा वैताग होता. कुणी वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायला फोन केला, तर ठेवल्यावर ते काकूंना म्हणत, "याला काहीतरी काम आहे. रविवारी कळेल." काकू काही म्हणायच्या नाहीत. काकू एकूणच फार काही म्हणायच्या नाहीत. चहा आणून ठेवायच्या आणि आत जायच्या.

वर्ग जेवणाच्या टेबलावर चाले. मध्ये एक छोटा स्पीकर, त्याच्याखाली क्रोशाचा रुमाल. सुरुवातीला पाच-सहा विद्यार्थी होते म्हणतात, पण शेवटी मी आणि नसीम असे दोघंच टिकलो. नसीम परभणीची. हिंदूरावच्या इस्पितळात नर्स होती आणि तिला परदेशात जायचं होतं. त्यासाठी तिलाही ऐकण्याची परीक्षा द्यायची होती. ड्यूटी संपवून ती थेट यायची आणि बसल्या बसल्या दुखरे पाय दाबायची. मी सगळ्याकडे दुरून बघणारा माणूस. ती तोंडावर बोलणारी. आमचं बरं जमलं.

धडे नोएडातल्या कुठल्याशा कंपनीच्या अॅपवरचे होते. पहिलाच धडा मला अजून पाठ आहे. एक बाई स्वच्छ, गोड आवाजात म्हणायची, "हॅलो, माय नेम इज सुझन. आय लिव्ह इन मँचेस्टर विथ माय हजबंड अँड टू चिल्ड्रन." एवढं झालं की काका टप्पकन बोट ठेवून ते थांबवत.

"बाई खोटं बोलतेय. पुन्हा ऐका."

पुन्हा ऐकायचं. मग अॅपवरचे प्रश्न सोडून त्यांचे स्वतःचे प्रश्न सुरू होत. बाई बसून बोलतेय की उभी राहून? उपाशी आहे की जेवून आलीय? समोरच्या पुरुषाशी तिचं पटतं का? शेवटचा शब्द कागदावरून वाचलाय की आपणहून आलाय?

"अहो, पण पर्यायांत हे नाहीये," नसीम म्हणायची. "सुझनला मुलं किती, एवढंच विचारलंय."

"पर्याय छापणाऱ्यानं ऐकलेलंच नाही," काका म्हणत. "आणि हिला मुलं नाहीत. 'चिल्ड्रन' म्हणताना आवाज कसा सपाट झालाय बघा. मुलं असणारी बाई अशी म्हणत नाही."

एकदा रेल्वे स्टेशनचा धडा होता. सुझनबाई लंडनच्या गाडीचं तिकीट काढत होत्या. काकांनी तो तीन वेळा लावला आणि आम्हाला विचारलं, "हे कुठल्या महिन्यातलं?" आम्ही एकमेकांकडे बघितलं. "दिवाळीनंतरचं आहे," ते म्हणाले. "'प्लॅटफॉर्म' म्हणताना घसा बसलाय. मध्ये एकदा खोकला गिळलाय. पंजाबात शेतं जाळायला लागले की इथे दिल्लीत होतो तो हा घसा. मँचेस्टरला कोण शेतं जाळतंय?" आणि मग एकदम चिडून, आमच्यापैकी कुणाला नव्हे तर स्पीकरला उद्देशून म्हणाले, "हळदीचं दूध घ्यायला काय होतं?"

आम्हाला हसू आलं. तेव्हा आलं होतं.

त्या शिकवण्याचा परिणाम माझ्यावर असा झाला की नोएडातल्या पहिल्या परीक्षेत मी सपशेल आपटलो. दुकानातलं संभाषण होतं. बाईला निळा स्वेटर हवा होता की लाल, एवढंच सांगायचं होतं. मी मात्र दुकानदार किती कंटाळलाय, तो कागदावरून वाचतोय आणि कागदाचा आवाज येऊ नये म्हणून हात लांब धरून बसलाय, याच विचारात अडकलो. तणतणत मयूर विहारला आलो आणि काकांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "दुकानदाराचा आवाज कसा होता?"

"कंटाळलेला."

"शाबास," ते म्हणाले, आणि माझ्यासाठी काकूंकडे लाडू मागितला. नापास झाल्याबद्दल लाडू खाणारा मी पहिलाच असेन. पण पुढच्या खेपेला मी पास झालो, हेही सांगायला हवं. माणसाचा श्वास कळायला लागल्यावर त्याचे शब्द आपोआप कळायला लागतात, हे मला तिथे समजलं, आणि आज नोएडात मी ज्या खुर्चीवर बसून पोट भरतो ती काकांच्याच कृपेची आहे.

तरीही माझा काकांवर विश्वास नव्हता. बसणारही कसा? वर्ग सुरू झाला की ते बाल्कनीचं दार लावून घेत. भर उन्हाळ्यात, धडा लागण्याआधी, कूलर बंद करत. आम्ही घामानं निथळत बसायचो. पुरुषाच्या आवाजातले धडे ते सरळ पुढे ढकलत. मी एकदा माझ्या मोबाइलवर दुसऱ्या एका कंपनीचे धडे आणले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाले, "चांगली आहे बाई. पण नको." का नको, ते सांगितलं नाही. आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की धडा चालू असताना ते आमच्याकडे बघतच नाहीत. त्यांची नजर स्पीकरवर असते, आणि ती बाई बोलायच्या आधी त्यांचे ओठ हलतात. सगळे धडे त्यांना पाठ होते.

तिकडे काकूंचं वेगळंच. धडा लागला की आत मिक्सर सुरू व्हायचा. रोज. कशाची एवढी चटणी लागते या घरात, असा मला प्रश्न पडायचा. काका दात-ओठ खाऊन थांबायचे, मिक्सर थांबला की पुन्हा लावायचे, की पुन्हा मिक्सर. दोघं एकमेकांना एका शब्दानं बोलायचे नाहीत. मला खात्री होती की या घरात काहीतरी शिजतंय आणि ते स्वयंपाकघरात नाही.

"मी सांगते काय आहे ते," मेट्रो स्टेशनकडे चालताना नसीम एकदा म्हणाली. "म्हातारा प्रेमात पडलाय त्या बाईच्या."

"काहीतरीच काय."

"काहीतरी काय, यार? रोज तीच बाई. ती दमलीय का, ती जेवलीय का. काकूंना कळलंय, म्हणून त्या मिक्सर लावतात. मला नाही बसवत आता तिथे. अच्छा नहीं लगता."

मी हसण्यावारी नेलं, पण ते माझ्याही डोक्यात आलं होतंच. वर्ग सोडावा असं आम्ही ठरवत आणलं होतं. नसीमची परीक्षा जवळ आली होती म्हणून राहिलो, एवढंच.

मग नवे धडे आले. अॅपवर अधूनमधून नव्या धड्यांची भर पडायची आणि त्या दिवशी काका दाढी-बिढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे; तोही आमच्या संशयात जमा होता. धडा बँकेतला होता. सुझनबाईंना खातं उघडायचं होतं. काकांनी लावला, आणि सवयीप्रमाणे मी त्यांच्या त्या वाक्याची वाट बघितली. ते काही बोलले नाहीत. पुन्हा लावला. मग खुर्ची ओढून कान स्पीकरला जवळजवळ टेकवला आणि पुन्हा लावला.

"ही श्वास घेत नाहीये," ते म्हणाले.

आम्ही ऐकलं. आवाज तोच, सुझनचाच. तोच गोडवा, तेच शब्द तोडणं. पण दोन वाक्यांच्या मधे काही म्हणजे काही नव्हतं. एरवी वाक्य सुरू होण्याआधी बारीकसा श्वास यायचा, क्वचित ओठ सुटल्याचा आवाज यायचा. वर्षभर तेच ऐकत आलो असल्यामुळे त्याचं नसणं आम्हालाही लगेच कळलं. काकांनी दुसरा नवा धडा लावला, तिसरा लावला. सगळे तसेच.

"कंप्यूटरचा असेल आवाज," नसीम म्हणाली. "आजकल सगळं बनवतात."

"आवाज तिचाच आहे," काका म्हणाले. "आजचा वर्ग बंद. या तुम्ही."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा मला फोन आला. त्यांनी मला कधी फोन केला नव्हता. म्हणाले, "तुम्हाला नोएडातली ऑफिसं माहिती आहेत ना? स्टेशनवर या. आमच्या घरी काही बोलू नका. मी पेन्शनच्या कामाला चाललोय असं सांगितलंय." मी सुट्टी टाकली आणि गेलो. खोटं का सांगणार, काळजीपेक्षा उत्सुकता जास्त होती.

मेट्रोत बसायला जागा मिळाली. यमुनेची बाजू मागे पडली. मग समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, "ती माझी मुलगी आहे."

मग ते, एकदा सुरू झाल्यावर, एखाद्या प्रकरणाची टिपणी वाचून दाखवावी तसं सांगत गेले. मुलगी एकुलती एक, हुशार. त्यांनीच मागे लागून परीक्षा द्यायला लावली, केंद्र सरकारची कायमची नोकरी लागली. दोन वर्षांत तिनं ती सोडली. तिला आवाजाचं काम करायचं होतं, जाहिराती, गोष्टी, असलं. काका म्हणाले, आवाज विकून खाणारे मी जन्मभर ऐकलेत. ज्या दिवशी विकत घेणाऱ्याला तू नको होशील त्या दिवशी तो तुला दारात उभी करणार नाही, आणि मीही करणार नाही. ती त्याच संध्याकाळी बॅग घेऊन गेली. पुढे मंडळातल्या कुणीतरी सांगितलं, तुमच्या मुलीचा आवाज आमच्या नातवाच्या इंग्रजीच्या अॅपवर येतो.

"मग वर्ग कशाला काढलात?" मी विचारलं.

"एकटाच कानाला लावून बसलो असतो तर घरात कळलं असतं. वर्ग म्हटला की रोज तासभर कुणी काही विचारत नाही."

"आणि काकूंना?"

"तिला इंग्रजी येत नाही. तिला वाटतं परीक्षेचं काहीतरी चाललंय."

मग म्हणाले, "नवे धडे येत होते तोवर ठीक होतं. सर्दी झालीय, बरी झालीय, दमलीय, एवढं कळायचं. केक करण्याचा एक धडा होता, त्यात ती मनापासून हसलीय. मला तेवढं पुरत होतं. आता हे असं. मेलेल्या माणसाचाही आवाज काढता येतो म्हणे."

इतके महिने मी आणि नसीम त्यांच्याविषयी जे काही बोललो होतो ते सगळं मला आठवलं आणि कसंनुसं झालं. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो काढला नाही, पण माझ्याकडे जरा संशयानं बघितलं.

नोएडातलं ते ऑफिस काचेच्या इमारतीत होतं. खाली गार्डनं नावं लिहून घेतली, वर एका थंडगार खोलीत बसवलं. थोड्या वेळानं एक तरुण मॅनेजर आला. वागायला सभ्य होता. काकांनी मुलीचं नाव सांगितलं.

"अच्छा, वो मैडम! उनका कॉन्ट्रैक्ट तो कब का ख़त्म हो गया, अंकल. अब रिकॉर्डिंग की ज़रूरत नहीं पड़ती. आवाज़ है न हमारे पास, सिस्टम ख़ुद बना देता है."

"आवाज़ यहाँ है. वो कहाँ है?"

"वो तो हम नहीं बता सकते. आप उनके कौन?"

"पिता."

मॅनेजरनं काकांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा काकांकडे. अशी नजर मी वर्षभर काकांच्या चष्म्यामागे बघितली होती. तो हळूच म्हणाला, "पिता हैं तो नंबर तो होगा न आपके पास?"

काकांकडे दाखवायला काही नव्हतं. मुलीचा एकही नंबर नाही, पत्ता नाही. मी मध्ये पडून काही बोलणार होतो, पण त्यांनी मला हातानं थांबवलं.

"ठीक कह रहे हो. किसी को नहीं देना चाहिए," ते म्हणाले. उठले, आणि दाराशी थांबून विचारलं, "बस इतना बता दो, ठीक तो है वो?"

"सच में नहीं पता, अंकल."

लिफ्टमध्ये काका म्हणाले, "हा खरं बोलला." कुणाबद्दल असं बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं होतं. आणि ते खरं असणं फार वाईट होतं.

आम्ही परत आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. दार काकूंनी उघडलं. वर्गाची वेळ म्हणून नसीम येऊन बसली होती, आणि तिच्यासमोर चहा होता. काका चपला न काढताच आत आले, आपल्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी मुलीचं नाव घेतलं. त्या घरात ते नाव मी प्रथमच ऐकत होतो.

"ती तिथे नाहीये आता," ते काकूंना म्हणाले. "कुठे आहे, कशी आहे, कुणाला माहीत नाही. त्या धड्यांतल्या बाईचा आवाज तिचा होता. तुला सांगितलं नाही मी."

काकू टेबलाला धरून उभ्या राहिल्या. "इंदिरापुरमला आहे ती," त्या म्हणाल्या. "दोन मैत्रिणींबरोबर राहते. ते काम सुटलं तिचं होळीनंतर. आता एका शाळेत लहान मुलांना नाटक शिकवते. बरी आहे. जरा बारीक झालीय."

काका चपला काढायला वाकले.

"दर मंगळवारी भेटते मी तिला. देवळात जाते म्हणून सांगते तुम्हाला."

अख्ख्या दिल्लीत काकांनी ज्या एका माणसावर कधी संशय घेतला नव्हता ते माणूस त्यांच्या घरात, त्यांच्या मागच्या खोलीत होतं.

"आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस?" ते म्हणाले.

"काय बोलायचं होतं?" काकूंचा आवाज चढला. त्यांचा आवाज इतका मोठा असेल असं मला वाटलं नव्हतं. "रोज परक्या माणसांना घरात बसवून माझ्या लेकीला खोटारडी म्हणायचात. बाई खोटं बोलतेय, बाई खोटं बोलतेय! मला वाटलं, अजून राग धरून बसलाय. तिची अशी थट्टा चालवलीय. ऐकवायचं नाही म्हणून मिक्सर लावायचे मी. निम्म्या वेळा रिकामा फिरवलाय."

"तुला कळत होता तिचा आवाज?"

"अहो, पोरीचा आवाज ओळखायला इंग्रजी कशाला लागतं?"

काकांनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. "मी थट्टा नव्हतो करत गं," ते म्हणाले. "म्हणत होती ना, मँचेस्टरला राहते, नवरा आहे. मग खोटंच की ते. मी रोज त्यातून ती कशी आहे ते शोधत होतो."

नसीमनं कप हातात धरला होता तो तसाच होता. उठून जावं हे आम्हा दोघांनाही सुचलं नाही. काकूंनी पदराला हात पुसले, ओट्यावरचा मोबाइल आणला, नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकून काकांच्या पुढ्यात ठेवला.

"हां आई, बोल ना," पलीकडून आवाज आला. सुझनचा आवाज, मराठीत. मागे कुणीतरी भांडी लावत होतं, कुकरची शिट्टी झाली. "आई? काय गं, आज कसा फोन केलास? सगळं ठीक आहे ना?"

काकूंनी काकांच्या खांद्याला हात लावला.

"मी बोलतोय," काका म्हणाले. "बाबा."

मग ती म्हणाली, "आई, तू कुठे आहेस? तुझा फोन कुणी घेतलाय?"

"कुणी नाही गं," काकू म्हणाल्या. "इथेच आहे मी. बाबाच आहेत."

"आई, ऐक. मी कॉल कट करते आणि परत करते. आजकाल असे आवाज बनवतात, माहितीय ना? माझा बनवलाय ते सांगितलं होतं तुला. कुणी काही विचारलं तर सांगू नकोस, बिल्कुल."

"चुकलो मी," काका फोनकडे वाकून म्हणाले. एकेक शब्द ते सावकाश आणि स्पष्ट म्हणत होते, परीक्षेच्या धड्यात म्हणतात तसे. "त्या दिवशी तुला जे बोललो ते चुकीचं होतं. तू घरी ये."

पलीकडे ती हसली, पण ते हसणं काही बरं नव्हतं. "बघ. ऐकलंस ना?" ती म्हणाली. "हे बाबा नाहीत, आई. बाबा असं बोलूच शकत नाहीत."

काकूंनी तोंडावर पदर धरला. मला त्या मुलीचा राग आला, आणि तिचं काही चुकतंय असंही वाटेना. त्या क्षणी काकांनी आपल्या नेहमीच्या तिरकस सुरात एक वाक्य टाकलं असतं, 'आई भेटायला येते ते बरं लपवलंस' एवढं जरी म्हटलं असतं, तरी तिची तत्काळ खात्री पटली असती. त्यांनाही ते कळत होतं, कारण त्यांनी एकदा तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. कुणीही स्वतःला सिद्ध करायला वापरलं असतं ते हत्यार त्यांनी उचललं नाही.

नसीमनं माझी बाही ओढली. आम्ही उठलो, चपला घातल्या आणि दार आवाज न करता ओढून घेतलं. आत काका पुन्हा तेच म्हणत होते, चुकलो मी, आणि पलीकडे तिनं अजून फोन ठेवला नव्हता.